पॅसेजमधले देव

सासूबाई घरातून निघून जातील या भीतीने मी आमचा पॅसेज सजवला. हौस म्हणून नाही.

तुंगार्लीतला आमचा फ्लॅट लहान. पॅसेज तर इतका अरुंद की दोघं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं, आणि दोन्ही बाजूंना कोऱ्या पांढऱ्या भिंती. विसरण्याचा आजार वाढला तसं आम्ही सासूबाईंना त्यांच्या गावाहून, भाज्याहून, इथे आणलं. त्या रोज त्या भिंतींपाशी उभ्या राहायच्या. "ह्यो दवाखाना हाय. मी घरी जाते," म्हणायच्या आणि दाराच्या कडीला हात घालायच्या. कुलूप लावलं की दार बडवायच्या आणि मला स्वतःचीच चीड यायची. खाली रस्ता, शनिवार-रविवारी तळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग. त्यात ह्या एकट्या निघाल्या तर?

मग मी माळ्यावरचं खोकं काढलं. सहलींहून आणलेल्या वस्तूंचं. बहुतेक सहलींना सासूबाई आमच्याबरोबर होत्याच. ओळखीचं काही दिसलं तर हे आपलं घर आहे असं त्यांना वाटेल, असा माझा हिशोब. आता आमच्या घरच्या सहली म्हणजे काय, निघायचं समुद्र बघायला आणि पोचायचं देवळाच्या रांगेत. त्यामुळे खोक्यातून निघाले ते सगळे देवच. तिरुपतीचा बालाजी, गणपतीपुळ्याचा शिंपल्यांचा गणपती, द्वारकेचा शंख, जेजुरीच्या बाजारातली पितळी घंटा. म्हैसूरचा लाकडी हत्ती तेवढा वेगळा, तर तोही मी गणपतीशेजारी बसवला. घंटा हाताला येईल अशी टांगली. तळेगावच्या कारखान्यातून नवरा आला, बघून म्हणाला, "छान. दानपेटी तेवढी राहिली." मी चिडले, पण हसूही आलं.

सासूबाई खूश होत्या. पॅसेजमध्ये पाऊल टाकण्याआधी पायातल्या सपाता काढायच्या, घंटा वाजवायच्या, हात जोडून उभ्या राहायच्या. मी चहाला हाक मारली की मुकाट्याने आत यायच्या. कडीचं नाव नाही. मी निर्धास्त झाले आणि कुलूप लावायचं सोडलं.

एका रविवारी दुपारी नवरा कारखान्यात होता आणि मी कणीक मळत होते. घंटा वाजली. आहेत म्हणजे, म्हणून मी मळत राहिले. थोड्या वेळाने हाक मारली तर ओ नाही. जाऊन बघते तर दार सताड उघडं. सपाताही नव्हत्या.

कणकेच्या हातांनीच मी जिने उतरले. वॉचमन म्हणाला, "मावशी न्हाई दिसल्या," पण तो नुकताच टपरीवरून आलेला, त्याचं काय खरं धरायचं? रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न. मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईला विचारलं, तिनेही नाही म्हणून मान हलवली. तळ्यापर्यंत धावले. पाण्याकडे बघायची हिंमत होईना आणि बघितल्याशिवाय राहवेना. नवऱ्याला काय सांगू, एवढंच डोक्यात. मोबाइलही घरीच राहिलेला. तो घ्यायला परत आले तर जिन्यात वरून खोकल्याचा आवाज आला.

गच्चीकडे जाणाऱ्या पायरीवर त्या बसल्या होत्या, सपाता बाजूला काढून. मला बघून सरकल्या.

"बसा बाई. मी बी दर्शन करून जरा टेकलेय."

मी शेजारी बसले. देवाचं दर्शन झालं की पायरीवर घटकाभर टेकायचं आणि मग घरी जायचं, ही आमच्याकडची रीत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घर सजवायला म्हणून गेले आणि मी देऊळ मांडून बसले होते. देवळात कोण राहतं? सपाता घालून त्या शहाण्या माणसासारख्या घरी निघाल्या होत्या.

पण त्याहून मला भीती वाटली ती त्या 'बसा'ची. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"आता निगते," त्या म्हणाल्या. "घरी सून एकटी हाय. लय भित्री हाय ती. मला उशीर झाला की रडाया लागती."

"चला, मी सोडते तुम्हाला."

"तुमाला आमचं घर म्हाईत हाय?"

"हो," मी म्हटलं. पण तशीच पायरीवर बसून राहिले. मग त्यांनीच मला हाताला धरून उठवलं.