गोलातली मोकळी जागा

एमिल क्रूपा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमची हेल्मेटं सांभाळायचा. नेब्रास्कातलं लहानसं कॉलेज, मैदानापलीकडं मका. हंगामाआधी तो एकेका पोराला समोर उभं करायचा, आतल्या गाद्यांत पंपानं हवा भरायचा आणि तोंडावरची जाळी धरून हेल्मेट हिसडायचा. त्याबरोबर कपाळाची कातडी हलली नाही, तर माप बसलं नाही; सगळं पुन्हा पहिल्यापासून. घाई त्याला खपत नसे.

त्या उन्हाळ्यात ड्वाइट सोरम बापाच्या कोठारात मक्याखाली गाडला जाऊन मेला. समोरच्यांना अडवणाऱ्या फळीतला डावीकडचा गडी, रेड्यासारखा दांडगा. टीमनं ठरवलं, दर सामन्याला त्याचं हेल्मेट बाकाच्या टोकाला ठेवायचं. ठेवणारा एमिल. गाद्यांतली हवा आठवडाभरात थोडी उतरते. तो ती दर शुक्रवारी भरून काढायचा, ड्वाइटच्याच मापानं.

टीम हरत सुटली. प्रत्येक डावाआधी पोरं खांद्याला खांदा लावून गोलात उभी राहायची, आणि गोलात एका माणसाची जागा मोकळी राहायची. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. ड्वाइटच्या जागी आलेला लॉनी बेकविथ फळीतसुद्धा जरा अलीकडंच उभा राहायचा. समोरचे नेमके तिथून घुसायचे. कोच ओरडून थकला.

"तिकडं सरकायला काय होतं रे तुला?" एमिलनं एकदा विचारलं.

"कोणाला तरी धक्का लागेल असं वाटतं." लॉनी कसनुसा हसला. "म्हातारबा, हे पोरांना सांगू नकोस हं."

एमिलला हसू आलं नाही. बाकाच्या त्या टोकाला त्यालाही बसवत नव्हतं.

शेवटच्या सामन्याला बर्फ पडत होता. तोवर एकही सामना जिंकलेला नव्हता. मध्यंतरानंतर लॉनी हेल्मेट हातात घेऊन आला. त्याला तडा गेला होता.

"दुसरं दे."

"तुझ्या मापाचं नाही. एवढा भोपळा कॉलेजात दोघांचाच."

दोघांनी बाकाच्या टोकाकडं पाहिलं.

"ते नको," लॉनी म्हणाला. "मी बसतो."

"एमिल!" कोच लांबून खेकसला. "गडी देतोस का लोणचं घालतोस त्याचं?"

एमिलनं ड्वाइटचं हेल्मेट उचललं. हवा सोडली की त्या डोक्याचं माप जगात कुठंच उरणार नव्हतं. त्यानं पंपाची सुई घातली. सूं करून हवा गेली. लॉनी मागं सरकला. एमिलनं त्याला जाळीनं पुढं ओढलं, हवा भरली, हिसडून पाहिलं. कपाळाची कातडी हलली.

"आत गरम आहे," लॉनी हळूच म्हणाला. "शेगडीजवळ ठेवलं होतंस?"

हेल्मेट सकाळपासून बर्फात होतं.

"हो," एमिल म्हणाला. "जा. आणि जागेवर उभा राहा. पाहुण्यासारखा कडेला नको."

पोरं पुन्हा गोलात उभी राहिली. लॉनी एक पाऊल पलीकडं सरकला, आणि गोल मिटला. पुढच्या डावात डावीकडून कोणी घुसलं नाही.

सामना हरलेच. पोरं आत गेली. लॉनीनं हेल्मेट परत द्यायला पुढं केलं.

"तुझ्या मापाचं झालंय," एमिल म्हणाला. "तुझ्याकडंच असू दे."

मग तो बाकाच्या टोकाला पहिल्यांदाच बसला. पत्रा गारठलेला होता. त्यानं हातमोजा काढून शेजारच्या जागेवर तळवा टेकवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. तिथंही गारच होतं.