बाच्या नावाचा खांब

आम्ही मेळघाटातून उतरलो तेव्हा आजी निरोप द्यायला आलीच नाही. अंगणात मोहफुलं वाळवत बसली. बा म्हणाला, "चल, मागं पाहू नको." मी पाहिलं नाही. तुम्ही वर डोंगरात राहिलात; हे तुमच्यासाठी सांगते आहे, आणि आमच्यासारखे जे उतरले त्यांच्यासाठीही.

जंगल सरकारी झालं होतं. ज्या उतारावर बा कोदो-कुटकी पेरायचा, तिथं चौकीदार उभा राहिला. खाली मात्र कापसाला सोन्याचा भाव होता. दूर कुठल्या मुलखात लढाई चालली होती, म्हणून वऱ्हाडचा कापूस विलायतेला जायचा. अमरावतीच्या पेठेत मायला, मला आणि धाकट्या बहिणीला, फुलयला, रेच्यावर, म्हणजे हातानं फिरवायच्या लाकडी चरकावर, कापसातली सरकी काढायचं काम मिळालं. बा गठ्ठे दाबायचा.

मग पटकीची साथ आली. सकाळी कामावर गेलेला बा दिवस मावळायच्या आत संपला. पेठेबाहेर त्याला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी मी रेच्यावर बसले. मुकादम म्हणाला, "काहून रडत नाई वं तू? बाप मेला ना तुहा?"

रडू येतच नव्हतं. मायनं तर बोलणंच टाकलं.

आम्हा कोरकूंमध्ये मेलेल्याच्या नावानं सागाचा कोरीव खांब रोवतात. तो रोवल्याशिवाय मेलेला माणूस पूर्वजांत जाऊन बसत नाही. बा त्या धुळीत एकटाच राहील, एवढंच डोक्यात होतं. मायला खाली ठेवून मी फुलयला घेऊन वर गावाकडं निघाले. मुकादम म्हणाला, "जा. पन परत आल्या तं जागा भेटनार नाई."

एलिचपूरपर्यंत रिकाम्या बैलगाड्या मिळाल्या, पुढं पायीच गेलो. काकानं खांब कोरला: वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. बा जन्मात कधी घोड्यावर बसला नव्हता. ढोल वाजले. आजीनं आमचे हात एकेका जुन्या खांबावर ठेवले आणि नावं सांगितली. काही खांब पावसानं इतके झिजले होते की चेहराच उरला नव्हता. आजीला नाव मात्र येत होतं.

"हे सगळे तुमचे," ती म्हणाली. "खाली गेलात तरी तुमचेच."

फुलय रडली. मला तेव्हाही काही वाटलं नाही.

माय खाली होती, म्हणून परतलो. मुकादमानं आम्हाला दारातच अडवलं. "आता मांगं कोन हाये तुमच्या, पोरीहो? कोनाच्या भरवशावर ठेवू?"

फुलय पुढं झाली आणि आमच्या बोलीत पूर्वजांचं एकेक नाव घेऊ लागली. मीही तिच्या मागं म्हणू लागले. रेचे थांबले. डोंगरातून आलेल्या दुसऱ्या बायकांनी आपापल्या पूर्वजांची नावं जोडली. मग कोपऱ्यातून मायचा आवाज आला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. तिनं बाचं नाव घेतलं.

मुकादमाला एक शब्द कळला नाही. थांबलेल्या रेच्यांकडं पाहून तो दारातून बाजूला झाला. "बसा बाप्पा, बसा," म्हणाला.

पुढं लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, पेठ ओस पडली. बरेच जण वर गेले. आम्ही इथंच राहिलो. का, ते नीट सांगता येत नाही. आता माझी नातवंडं वऱ्हाडी बोलतात. आमच्या बोलीतली त्यांना फक्त ती नावं येतात, पण ती न चुकता येतात. "आजी, घर कुठं वं तुहं?" असं विचारतात. मी अमरावती सांगते. वर आले की तुम्ही मला खाट देता, पाहुणीला देतात तशी. इथंही लोक अजून विचारतात, कुठल्या तुम्ही? दोन्हीकडं मी पाहुणीच. पूर्वी ते मनाला लागायचं. आता लागत नाही.