जेट हलका नव्हता

मल्लूअण्णा मिस्त्रींनी कुणाच्याही गाडीत हलका पार्ट घातला नाही. ते खोटं माझ्यामुळे पसरलं.

आज सकाळी अण्णांच्या मातीला गेले होते. मागे दोघे जुने गाडीवाले बोलत होते. मिस्त्रीचा हात चांगला होता, पण माल हलका वापरायचा म्हणे.

मी गप्प बसले. बारा वर्षं गप्पच आहे. आता लिहिते.

शाहूपुरीच्या बोळात अण्णांचं गॅरेज. जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर खोलून नव्यासारखे करायचे. ट्यूनिंग करताना स्क्रूचे फेरे कानडीत मोजायचे, ओंदु, एरडु... मध्ये कुणी बोललं की चिडायचे.

माझ्या सासऱ्यांची, मामंजींची, साठ सालची फियाट त्यांच्याकडेच असायची.

दोन वर्षं मागे लागून मी त्या गाडीची किल्ली मिळवली. कळंब्याच्या शाळेत शिकवायला जायचे, बसचे हाल संपले. मामंजींची अट एकच, बॉनेट उघडायचं नाही.

मी उघडलं.

गाडी सिग्नलला बंद पडायला लागली होती. जेटमध्ये कचरा असणार, एवढं अण्णांचं बघून बघून कळत होतं. जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, त्याच्या बारीक भोकातून पेट्रोल येतं. अण्णा तो तोंडाला लावून फक्त फुंकायचे.

मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. सासूबाईंच्या डब्यातली सुई घेतली आणि भोकात घातली.

भोक मोठं झालं. गाडी काळा धूर ओकायला लागली.

मामंजी स्वतः गाडी घेऊन गेले, मी शेजारी. अण्णांनी जेट काढून उजेडाला धरला. मग माझ्याकडे बघितलं.

"मालक, जेट हलका निघाला. गेल्या साली मीच बसिवलता. चूक माझी हाय."

एरवी हा माणूस भल्याभल्यांना तोंडावर सांगायचा, गाडीची वाट तुम्हीच लावली म्हणून.

मामंजींनी त्यांना नको नको ते सुनावलं. गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. मित्रांना सांगितलं, त्यांच्याही तीन-चार गाड्या गेल्या.

आठवड्यानं मी एकटीच गॅरेजवर गेले. घरी खरं सांगून टाकते म्हणाले.

"नगा सांगू, वैनी," अण्णा म्हणाले. "मला दुसरी गाडी मिळंल की. तुमास्नी किल्ली परत मिळायची न्हाय."

मी ऐकलं. सोयीचं होतं ना.

त्याच किल्लीवर नोकरी टिकली, पुढे मुख्याध्यापिका झाले. मामंजी गेले, त्यांनाही सांगितलं नाही. लाज वाटते. रोज नाही, पण फियाट सुरू केली की वाटतेच.

तेव्हा ज्यांनी ज्यांनी अण्णांकडून गाडी हलवली, त्यांनी हे वाचा. घरात वडील असतील तर त्यांना वाचून दाखवा.

जेट चांगला होता. सुई माझी होती.

अण्णा, उद्या तुमच्या घरी जाऊन काकूंनाही हेच सांगणार आहे.

तुम्ही नको म्हणाला होता. या वेळी ऐकत नाही.

नमस्कार, अण्णा.