प्लेटबाहेरचा पाय

राहात्याच्या मैदानावर मुलींच्या सॉफ्टबॉलचा अंतिम सामना होता आणि होमप्लेटमागे अंपायर मी होते. एका बाजूला नगरचा संघ, दुसऱ्या बाजूला आमच्याच तालुक्याचा. आमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, लई वेगवान. पण तिचा उजवा पाय तिच्या पायाखालची पिचिंग प्लेट सोडून पुढे टेकायचा आणि तिथून पुन्हा रेटा घेऊन ती चेंडू फेकायची. हे नियमात बसत नाही. दुसऱ्या डावात मी दोनदा इल्लिगल पिच दिला (असा चेंडू बॅटरच्या बाजूने बॉल धरतात) आणि तिच्या प्रशिक्षकांना बोलावून कारण सांगितलं.

"व्हय मॅडम, सांगतो तिला," ते म्हणाले.

मधले डाव दुसऱ्या मुलीने टाकले; शेवटच्या डावात ही परत आली तेव्हा आम्ही एका धावेने पुढे होतो. नगरच्या दोघी बाद, तिन्ही बेस भरलेले, तीन बॉल, दोन स्ट्राइक. तिने चेंडू टाकला, बॅट नुसती हवेत फिरली. तिसरा स्ट्राइक, तिसरी बाद, असंच सगळ्यांना वाटलं. आमच्या मुली नाचत मैदानात धावल्या. माझा डावा हात मात्र चेंडू सुटला तेव्हापासूनच बाजूला, मूठ वळलेली; इल्लिगल पिचची खूण.

"इल्लिगल पिच. चौथा बॉल." चार बॉल झाले की बॅटरला पहिला बेस फुकट; बेस भरलेले, म्हणून तिसऱ्या बेसवरची घरी. बरोबरी.

"आपल्या तालुक्याचं मीठ खाऊन नगरला जिंकवता व्हय?" तारेपलीकडून कुणी ओरडलं. पाण्याची बाटली माझ्या खांद्यावर आदळली. प्रशिक्षक तोंडाशी येऊन म्हणाले, "आत्ताच दिसला का पाय?"

"दुसऱ्या डावातही दिसला होता, सर. मागे व्हा, नाहीतर बाहेर काढीन."

ते हटले.  पुढच्याच चेंडूवर फटका बसला आणि सामना गेला.

मी स्कूटीपाशी पोचले तर पिचरचे वडील आडवे उभे. "पोरीचं वाटोळं केलं तुमी." पोरगी मागून धावत आली. मला वाटलं, तीही शिव्या देणार.

"मॅडम, पाय चुकतो हे मला आधी का न्हाई सांगितलं?"

"दुसऱ्या डावात तुझ्या सरांना सांगितलं."

"सर म्हनले, त्या बाईचा आपल्यावर डूख हाय, तू टाक तशीच."

प्रशिक्षक चार पावलांवरच होते. तिने हातातला ग्लोव्ह त्यांच्या छातीवर फेकून मारला. कुणी उचलला नाही. वडील बाजूला झाले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या हंगामात अंपायरांच्या यादीत माझं नाव नव्हतं. त्या सरांचं होतं.