खापरीचं वावर आणि वळलेला पाइप

माझ्या कामाचं वर्णन आमच्या आईने नागपूरच्या नंदनवनातल्या शेजारणीला एकदा एका वाक्यात करून दिलं होतं. "लोक भांडे फोडतेत, अन् हे तुकडे वेचते." मी आत चहा गाळत होते, तिथूनच ऐकलं. विणकरांच्या घरात कामाची कसोटी एकच असते, संध्याकाळी हातात काय निघालं. आजोबांच्या मागावरून लुगडं निघायचं. माझ्या पिशवीतून खापरं निघतात, तीही धुळीने माखलेली, आणि मी ती आईच्याच परातीत धुते.

खेड्यात पाण्याचा पाइप टाकायचा असला की चर खणण्याआधी ती वाट पायी चालून पाहायची, हे माझं काम. जमिनीखाली जुनी वस्ती असली तर खणणारं यंत्र तिचा पाच मिनिटांत भुगा करतं. तसं काही दिसलं तर पाइप थोडा बाजूने न्यायला सांगायचं. पाइप थांबवायचा नाही, वळवायचा. हे मी आजवर इतक्या लोकांना समजावलंय की झोपेतही सांगू शकेन. तरी गावात पाऊल टाकलं की बाया माझ्याकडे, नळ बंद करायला आलेली बाई म्हणूनच पाहतात.

नरखेड तालुक्यातल्या त्या गावी मी पहिल्यांदा गेले तेव्हा उन्हाळा चढला होता. संत्र्याच्या बागा संपल्या की एक मोठं नांगरलेलं वावर लागायचं. नवा पाइप त्या वावराच्या मधोमध, उत्तरेकडच्या टाकीपासून दक्षिणेकडच्या वस्तीपर्यंत सरळ जाणार होता. माझ्यासोबत ठेकेदाराकडचा इंजिनियर होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, आणि कुठल्याही प्रश्नाला "लोड नका घेऊ मॅडम" एवढं एकच उत्तर असलेला. पावसाआधी काम उरकायचं म्हणून तो सारखा आभाळाकडे बघायचा, आणि आभाळात तर एक ढग नव्हता.

वावरात शिरले आणि माझे डोळे चमकले. मधल्या बाभळीभोवती खापरंच खापरं. लाल, काळी, काही आतून काळी आणि बाहेरून लाल. नांगराने खालची वस्ती थोडी थोडी वर आणली होती. मी फोटो काढले आणि इंजिनियरला म्हटलं, इथे आधी लहान खड्डे घेऊन बघावं लागेल. त्याने मान हलवली. मग मी पाणी प्यायला एका घरी गेले, तेवढ्यात हा पारावर जाऊन बसला आणि गावाला सांगून मोकळा झाला की मॅडमला जुनं काही सापडलं तर काम बंद.

त्याच दिवशी मावशी भेटली. वावराच्या पूर्वेला, थोड्या उंचवट्यावर, एकच घर होतं. सत्तरीची बाई, मुलगा कामानिमित्त नागपुरात, ही एकटी. नकाशात पाइप तिच्या घरापासून बराच लांबून जात होता. एका घरासाठी पाइप कोण वळवणार, असं गावाने तिला आधीच सांगून टाकलं होतं. ती बागवाल्याच्या विहिरीवरून पाणी आणायची, तेही त्याचा पंप चालू असेल तेव्हाच. वीज गेली की ती बांधावर बसून वाट पाहायची.

"घुडघे गेले बाई," ती मला म्हणाली. "डोक्यावरची कळशी नाई होत आता. हातात डबडी धरून आणतो, तं अर्धं पाणी रस्ताच पेते."

मी म्हटलं, मावशी, पाइप कुठून न्यायचा हे मी नाही ठरवत. कुठून न्यायचा नाही, तेवढंच सांगते. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाजारात सडका टमाटर काढून दाखवल्यावर भाजीवालीकडे पाहतात.

दुसऱ्यांदा गेले ती खड्डे घ्यायच्या तयारीने. वावराच्या कडेला आले आणि थबकले. एक खापर नव्हतं. वावर देवघरासारखं स्वच्छ. गावच्या बाया निंदणाला बसतात तशा ओळीने बसल्या होत्या, प्रत्येकीने आपली पात धरली होती, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत खापरं वेचून घमेल्यांनी नाल्यात नेऊन ओतली होती. तेवढ्याने भागलं नाही. पाहुणी येणार म्हणून वावराच्या तोंडाशी शेणाचा सडा घातला होता आणि त्यावर रांगोळी. आयुष्यात कुणी माझ्यासाठी नांगरलेल्या ढेकळांवर रांगोळी काढली नव्हती.

रागावले की मी पुस्तकी मराठी विसरते.

"काहून साफ केलं हे?" मी ओरडले. "कोनी सांगतलं तुमाले?"

बाया पदर तोंडाला लावून उभ्या. एक पुढे झाली. "इथी काहीच नाई जी. पहिलेपासूनच असं साफ आहे."

"या वावराले म्हणता काय तुम्ही?"

"खापरीचं वावर," ती म्हणाली, आणि लगेच तिने जीभ चावली. बाकीच्या इतक्या हसल्या की माझाही राग ओसरला. चोरी केली खरी, पण चोरीच्या मालाचं नाव दारावर तसंच लिहिलेलं राहिलं होतं.

मग मी सगळ्यांना बाभळीखाली बसवलं आणि नीट समजावलं. काम बंद होत नाही. जुनं काही असेल तर पाइप त्याला वळसा घालून पलीकडून जातो. खापरं असतील तिकडून पाइप हटतो, बस. एवढं ऐकल्यावर बाया एकमेकींकडे बघू लागल्या. त्या नजरांनी मी सावध व्हायला हवं होतं. पण मला वाटलं, चला, एकदाचं समजलं.

समजलंच होतं. फार चांगलं समजलं होतं.

तिसऱ्यांदा गेले तर गावभर खापरं. ज्या बाईला पाइप आपल्या दारावरून हवा होता, तिने समोरच्या बाईच्या दारात खापरं टाकली होती, म्हणजे पाइप तिकडून हटून इकडे यावा. समोरची काय गप्प बसणार? नाल्यातला सगळा माल घमेल्यांनी परत आला होता आणि एकमेकींच्या अंगणात पेरला गेला होता. मारुतीच्या पाराभोवतीही मूठभर पडलं होतं, ते कुणाच्या फायद्याचं हे मला आजवर कळलेलं नाही. इंजिनियर कपाळाला हात लावून उभा होता. त्याच्याच तोंडाची ही करणी, म्हणून मला त्याची अजिबात दया आली नाही.

"मॅडम, हे गाव अख्खं पुराणं निघालं," तो म्हणाला.

"लोड नका घेऊ," मी म्हटलं.

माझ्याकडे पहिल्या दिवशीचे फोटो होते, म्हणून बाभळीपाशीच खड्डे घ्यायचे हे ठरलेलं होतं. तिकडे जाताना वावराच्या पश्चिमेच्या कडेला काहीतरी पांढरं चकाकलं. चिनीमातीच्या बरणीचा काठ. पिवळसर पोट, वर तपकिरी पट्टा. पाच-सहा मोठे तुकडे, मातीत अर्धे पुरलेले, आणि तुटलेली कड इतकी ताजी की बोटाला कापेल. शेजारी एक पणती, मागच्या दिवाळीची, तेलाच्या वासासकट.

मावशी बांधावर उभी होती. पश्चिमेला खापरं सापडली की पाइप पूर्वेला सरकणार, तिच्या दाराकडे. हिशेब चोख होता.

"मावशी, ही लोणच्याची बरणी आहे," मी म्हटलं.

"असन," ती म्हणाली. "जुने लोक का लोणचं खात नोते?"

"अन् हे पणती?"

"त्यायच्या घरी अंधार पडत नसन का?"

मी इतकी हसले की खाली बसावं लागलं. ती हसली नाही. बाकीच्या बायांनी खेळ मांडला होता, त्यांच्या वस्तीत पाइप कुठूनही गेला तरी नळ मिळणारच होता. ही एकटीच खेळत नव्हती.

खड्डे सुरू झाले. बाभळीखाली हातभर खाली गेल्यावर राख लागली, मग चोपून बसवलेली जमीन, आणि दुसऱ्या दिवशी मातीची चूल. पुढून उघडी, मागे गोल, आमच्या आजीच्या गावाकडची असायची तशीच. वस्ती कुठवर पसरली आहे ते पाहायला, फोटोंत खापरं जिकडे दाट होती त्या पूर्वेकडे आम्ही खड्डे घेत गेलो, मावशीच्या घराच्या दिशेने. प्रत्येक खड्ड्यात काही ना काही निघत होतं. मावशी रोज काठावर येऊन बसायची. आपल्या बाजूला जुनं निघतंय म्हणजे पाइप आपल्यापासून आणखी लांब हटणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचं बोलणं कमी होत गेलं, आणि मला खापरं निघाल्याचा आनंद तिच्यासमोर दाखवायची चोरी झाली.

चुलीजवळच जमिनीत एक गोल खळगा निघाला. त्यात मोठ्या मडक्याचं बूड जसंच्या तसं बसलेलं. मावशी वाकून बघत होती.

"हे काय होय बाई?"

"पाण्याचा माठ ठेवायची जागा. माठ कलंडू नये म्हणून असा खळगा करत."

तिने चुलीकडे पाहिलं, मग पुन्हा खळग्याकडे. "म्हंजे हिच्या घरी पाणी होतं."

"होतं, पण आणावंच लागत असेल. त्या नाल्यावरून, नाही तर आणखी कुठून."

"तिलेच आणा लागत असन?"

"बहुतेक बायांनाच."

"मंग तवापासून आणूनच राहिली मी," मावशी म्हणाली, आणि गुडघ्यांवर हात दाबून उठली.

मी खड्ड्यात उभी होते. इतकी वर्षं मी मेलेल्यांच्या माठाला धक्का लागू नये म्हणून गावोगाव भांडत आले होते, आणि कुठल्याच गावात जित्या बाईच्या माठात पाणी कसं येईल हे मला विचारावंसं वाटलं नव्हतं. वाईट वाटलं. रागही आला, आणि नेहमीप्रमाणे तो काढायला इंजिनियर सापडला.

आम्ही शेवटचा खड्डा मावशीच्या अंगणापासून थोड्या अंतरावर घेतला. तिथे वरपासून खालपर्यंत कोरा मुरूम. म्हणजे वस्ती तिच्या घराच्या अलीकडेच संपत होती. आता पाइप दोन बाजूंनी नेता येत होता. एक, पश्चिमेकडून लहानसा वळसा. दुसरा, पूर्वेकडून जरा लांबचा, थेट मावशीच्या दारावरून.

"पश्चिमेनं घेतो," इंजिनियर म्हणाला. "शॉर्टकट आहे."

"घ्या की. पण पश्चिमेला वर तुकडे पडलेले आहेत, तुम्हीही पाहिलेत. खाली काय आहे ते बघायला पुन्हा खड्डे घ्यावे लागतील."

"अहो मॅडम, ते तं बरणी आहे."

"आहे ना. कोणत्या काळातली, ते पाहावं लागेल. घाईत सांगता येत नाही. पूर्वेला मात्र मी शेवटपर्यंत तपासलंय. तिकडे तुम्ही उद्या यंत्र लावा."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. इंजिनियर माझ्याकडे बघत राहिला, मग मावशीच्या घराकडे, मग सवयीने वर. त्या दिवशी आभाळात पहिल्यांदा ढग होते. काळे नव्हते, पण त्याला पुरले.

"लांब पडते थोडं," तो पुटपुटला. "पण चालते."

चूल आणि माठाची जागा आम्ही माती टाकून होती तशी झाकली. पाइप तिला वळसा घालून गेला. सगळ्या गावाला वाटतं की मावशीने कुठे तरी वशिला लावला. काहींना तर वाटतं की मी तिची नातेवाईक आहे.

पावसाळा सरल्यावर त्या तालुक्यात दुसऱ्या कामाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून मावशीकडे गेले. दारात नळ होता, त्याखाली पितळेची घासलेली कळशी. तिने मला बसवलं, पाणी दिलं, भाकर-पिठलं वाढलं. मला उचकी लागली तरी आणखी पाणी, आणि पाणी प्यायला नाही म्हटलं तर राग. शेवटी तिने ताटात आंब्याचं लोणचं वाढलं. प्लास्टिकच्या डब्यातून काढलं होतं. डब्यावर बिस्किटांचं चित्र. लोणच्याला बुरशीचा वास येत होता.

"मावशी, लोणचं डब्यात ठेवलं काहून? बरणीत ठेवावं ना."

"बरणी कुठी आहे आता?"

मला वाटलं होतं, कुठे तरी उकिरड्यावर सापडले असतील तिला ते तुकडे. वावरातल्या त्या ताज्या कडा मी पाहिल्या होत्या, बोट लावून पाहिलं होतं, आणि हसत बसले होते.

"माह्या मायनं लग्नात देली होती," मावशी माझ्या ताटात आणखी एक फोड वाढत म्हणाली. "बायायनं नाल्यातले खापरं सगळे नेले ना पहिलेच. माह्यासाठी एक नाई ठेवलं. तुम्हीच तं म्हटलं होतं, पाइप खापरं पाहून वळते. मंग मी घरचंच फोडलं."