तळहातावरचा देव

त्या वर्षी महादेवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. पाऊस दडी मारून बसलेला, उदगीरच्या विहिरी आटलेल्या, आणि माझ्या पाच वर्षांच्या गौराच्या दोन्ही डोळ्यांत जन्मापासून मोतीबिंदू. म्हाताऱ्यांचा आजार या एवढ्याशा पोरीला कशाला दिलास, असं मी रोज पूजेत त्याला विचारायची. तिला उजेड कळायचा, दारात कुणी उभं राहिलं तर सावली कळायची. बाकी सगळं ती हातानं बघायची, माझं तोंडसुद्धा.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गौराला तपासून सरळ सांगितलं, "आणखी थांबलात तर हे डोळे बघायचं शिकणारच नाहीत." आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. पाण्याचा टँकर आला नाही म्हणून ते एकदा पुढं गेलं. दुसऱ्या खेपेला आत न्यायच्या वेळी सिस्टर म्हणाली, "गळ्यातलं काढा."

गळ्यात लिंग होतं. आम्हा लिंगायतांत बाळ जन्मलं की त्याला लिंग बांधतात, ते जन्मभर अंगावेगळं करायचं नाही. पूजेपुरतं डाव्या तळहातावर घ्यायचं, पण तळहात म्हणजेही आपलं अंगच. मी दारात आडवी उभी राहिले.

"अगं, लोक बघायलेत," आमचे हे कुजबुजले. "घटकाभराचा तर सवाल हाय."

"मग आधी तुमचं काढून दावा."

यांचा हात आपसूक सदऱ्यावरून छातीशी गेला. मला पोरीचे डोळे हवे होते, पण देव काढून भूल दिली आणि ती उठलीच नाही तर? मी हलले नाही.

गलका ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पूजेच्या वेळी देव कुठं ठेवता?"

"डाव्या तळहातावर."

"मग तिथंच ठेवू. मला तिचा डोळा लागतो, तळहात नाही."

त्यांनी स्वतः लिंग स्पिरिटनं पुसलं, गौराच्या डाव्या मुठीत दिलं आणि वरून पट्टी बांधली. सुई उजव्या हाताला टोचली. मी दारातून बाजूला झाले. ज्याच्याशी रोज भांडत होते, त्याच्या हवाली पोरीला केलं ते त्या क्षणी.

खरी परीक्षा नंतर होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवली तर टाके तुटायची भीती. आमची गौरा तर झोपेतही लाथा मारणारी! पण ती निपचित पडून राहिली. मी घाबरून हाक मारली, तर हळूच म्हणाली, "अव्वा, बोलू नको. हातावर देव हाय, हलायचं न्हाई." पूजेत बसताना मीच तिला हे शिकवलं होतं. मला रडू आवरेना.

जखम भरल्यावर बाईंनी तिला जाड काचांचा चष्मा लावला. मी लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. ती नुसतीच बघत राहिली, तिला काही ओळखू येईना. मग तिनं डोळे मिटले, अंगठा फिरवला, पुन्हा डोळे उघडले आणि खुदकन हसली. "हाच हाय!" नंतर माझ्याकडं वळली. पुन्हा डोळे मिटून माझं नाक, गाल चाचपले आणि डोळे उघडून कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिली.

पुढं दुसरा डोळाही डॉक्टरीणबाईंच्याच हातांनी बरा झाला. आता पूजेत मी महादेवाला काही विचारत नाही. लिंग तळहातावर घेते, डोळे मिटते, आणि आधी त्या बाईंचे हात दिसतात.