वाचून दाखवले, समजावून सांगितले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्या सरांच्या हाताखाली वकिली शिकले त्यांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — ते मलाही नीटसं कळलेलं नाही. जरा बसा. मुद्द्यावर यायला मला वेळ लागेल. गंमत बघा, आयुष्यभर दुसऱ्यांना ‘मुद्द्याचं बोला, मुद्द्याचं बोला’ म्हणून टोचत आलेली बाई मी.

मी मूळची निपाणीची. बेळगावात लॉ कॉलेजात शिकवायला लागून आता बरीच वर्षं झाली. विषय — दस्तऐवज कसे लिहायचे. खरेदीखत, करारपत्र, मृत्युपत्र, असलंच सगळं. विषय रुक्ष, पण पोरं माझ्या तासाला दांडी मारत नाहीत, कारण मी गोष्टी सांगते. ‘ज्याचा कागद त्यालाच कळत नसेल, तर तो कागद त्याचा नव्हे’ हे माझं वाक्य कॉलेजात म्हणीसारखं झालंय. गॅदरिंगला पोरं माझी नक्कल करतात तेव्हा हेच वाक्य म्हणतात, आणि टाळ्या पडतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — मीही हसून टाळ्या वाजवते.

दरवर्षी मृत्युपत्राचा धडा आला की माझी एक ठरलेली गोष्ट असते. एक म्हातारा विणकर वकिलाकडं जातो. मनातलं सगळं सांगतो. वकील कंटाळलेला, तो दुसऱ्याच कुणाचा तरी तयार मसुदा काढतो, नावं बदलतो, आणि त्यातली एक भलतीच अट तशीच राहून जाते. वाचून न दाखवताच सही घेतो. पुढं त्या अटीपायी म्हाताऱ्याच्या सुनेचं घर जायची वेळ येते. तेव्हा वकील साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि म्हणतो, चूक माझी आहे. सुनेचं घर वाचतं. पोरं सुस्कारा सोडतात, मी फळा पुसते.

गोष्ट खरी आहे. शेवट तेवढा मी रचलेला आहे. आणि तो वकील पुरुष नव्हता.

तेव्हा मी नुकती सनद घेतलेली. कोर्टाच्या मागच्या गल्लीत आमच्या सरांचं ऑफिस होतं, तिथं बाहेरच्या खोलीत मी बसायची. सर मोठ्या खटल्यांत. बारीकसारीक कागद माझ्याकडं. एका दुपारी वडगावचे आप्पा आले. धोतर, टोपी, बोटांना रंगाचे डाग. घराच्या पुढच्या खोलीत विणायचे दोन माग, मागच्या खोलीत राहायचं. दोन मुलगे, थोरला हुबळीला नोकरीत, त्याचं तिकडं स्वतःचं घर. धाकटा वारलेला. धाकट्याची बायको रेणुका माहेरी न जाता सासऱ्यापाशीच राहिली आणि नवऱ्याच्या जागी मागावर बसली. आप्पांनी आयुष्यभर साड्या विणून घेतलेलं हे घर. ते त्यांना रेणुकाला द्यायचं होतं.

एवढं सांगायला किती वेळ लागतो? पण आप्पांनी सुरुवात केली ती थेट स्वतःच्या थोरल्या बहिणीपासून. “आमची आक्का हुती बघा वकीलबाई. लई ल्हानपणी रांडवपण घिऊन माघारी आली. चिक्कोडीकडनं लग्नाची एक जागा आलती, माणूस चांगला हुता. बा न्हाय म्हणाला. मी बी न्हाय म्हणालो. चुलीम्होरंच म्हातारी हून गेली ती.” मग त्या आक्काच्या हातचं रंगकाम, ती पाळण्याजवळ कुठली गाणी म्हणायची — सगळं आलं. मी पेनचं टोपण उघडत-मिटत होते. घड्याळाकडं बघितलं, तेही त्यांना दिसेल असं. शेवटी म्हटलं, “आप्पा, मुद्द्याचं सांगा. घर कुणाला?”

ते वरमले. “घर रेणुकाला,” म्हणाले. आणि मग टेबलावर पुढं वाकून, आवाज खाली करून — “आणि एक घाला की त्यात. उद्या तिनं दुसरं लगीन केलं तरी बी घर तिचंच. माझी ना न्हाय. उलट माझ्या जिवाला बरं वाटंल, असं लिवा. सासऱ्यानं सुनंला तोंडावर कसं सांगायचं हो हे? मी गेल्यावर कुणीतरी वाचून दाखवलं, तर कळंल तरी तिला.”

मी मान हलवली. कागदावर लिहिलं — घर, सून. संपलं.

कळतंय ना तुम्हाला, काय मागत होते ते? घर देणं ही त्यातली अर्धीच गोष्ट होती. जे वाक्य जिवंतपणी तोंडातून निघत नव्हतं, ते कागदानं बोलावं म्हणून तो माणूस वडगावहून चालत आला होता. आक्काच्या बाबतीत झालेलं पाप त्यांना रेणुकाच्या बाबतीत फेडायचं होतं. ती गोष्ट म्हणजेच मुद्दा होता. आज मी हे खडूनं फळ्यावर लिहून शिकवते. तेव्हा मात्र मला ती म्हाताऱ्याची चऱ्हाटं वाटली. शहाणी ना मी! पहिल्या वर्गात पास झालेली.

दुसऱ्या दिवशी सरांच्या कपाटातून एक जुना मसुदा काढला. विधवा सुनेला घर देणारंच मृत्युपत्र होतं, सगळं जुळत होतं. कागद कानडीत — आमच्या भागात कागद एका भाषेत आणि बोलणं दुसऱ्या भाषेत, याचं कुणाला काही वाटत नाही. आप्पा कानडी फाडफाड बोलायचे, पण वाचता यायची फक्त मराठी. अशा वेळी पद्धत अशी की, लिहिणाऱ्यानं सगळा मजकूर तिथल्या तिथं मराठीत सांगायचा, आणि खाली एक ठरलेलं वाक्य असतं — ‘वरील मजकूर मला मराठीतून वाचून दाखवला, समजावून सांगितला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.’ हे वाक्य मसुद्यात आधीपासूनच छापलेलं असतं. वाचा, न वाचा, ते आपलं असतंच.

रजिस्टर ऑफिसात गर्दी होती. आमचा नंबर पुकारला. आप्पा म्हणाले, “वाचून दाखवता न्हवं?” मी म्हटलं, “तुम्ही सांगितलं तेच आहे, आप्पा. चला, चला, साहेब उठतील.” त्यांनी टोपी सारखी केली आणि सही केली. मोठ्या, वळणदार अक्षरात. दोन साक्षीदारांतली एक मी होते. दुसरे त्यांच्या गल्लीतले एक म्हातारे.

ती अट माझ्या ध्यानात कधी आली? — इथं मला थांबावंसं वाटतंय. वर्गात मी सांगते की वकिलाला ती थेट खटल्याच्या वेळीच दिसली. तसं नाही. मला ती त्याच आठवड्यात दिसली, नक्कल फायलीला लावताना. ‘सदर सुनेने पुनर्विवाह केल्यास तिचा हक्क संपून मिळकत माझ्या थोरल्या मुलाकडे जाईल.’ दुसऱ्या कुठल्यातरी सासऱ्याची अट. आप्पांना बोलावून नवा कागद करायला एक दिवस पुरला असता. पण मग सरांना सांगावं लागलं असतं, आणि सर चारचौघांत टाकून बोलायचे. म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात. मग तो आठवडा गेला. मग म्हटलं, पोरीनं लग्न नाही केलं तर काय बिघडतंय?

त्यानंतर आप्पा एकदा ऑफिसात आले होते. कागदाचं काम छान केलंत म्हणून साडी घेऊन आले — हिरवी, बारीक लाल काठाची. “रेणुकानं विणलीया,” म्हणाले. नको म्हणायला तोंड उघडलं होतं, आणि सांगायलाही तेच तोंड होतं. मी साडी घेतली. कॉलेजातल्या नोकरीच्या मुलाखतीला तीच नेसून गेले. परीक्षक बाईंनी विचारलं, साडी शहापूरची का? मी म्हटलं, वडगावची.

आप्पा वारले. वर्षभरानं रेणुकानं लग्न केलं, खासबागेतल्या एका विणकराशी. बायको वारलेला, गरीब माणूस. दोघं वडगावच्या घरातच राहिली, माग तिथंच होते म्हणून. थोरल्यानं ती अट बाहेर काढली आणि दावा लावला.

रेणुकाच्या वकिलाचं म्हणणं एवढंच होतं की, आप्पा असं सांगणारा माणूसच नव्हता. हे त्यांना न कळता घुसलंय. ते सिद्ध करायला माणूस कोण? गल्लीतले म्हातारे तोवर गेलेले. उरले मी.

पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा कॉलेजात लागून काही महिनेच झाले होते. मला विचारलं, मजकूर आप्पांना मराठीतून वाचून दाखवला होता का? मी म्हटलं — होय. ही अट त्यांनीच सांगितली होती का? होय. त्यांना तिचा अर्थ कळला होता का? होय, समजावून सांगितला होता. आवाज जरासुद्धा हलला नाही. खोटं बोलताना माणूस अडखळतो म्हणतात ना? मी नाही अडखळले. मी खरं बोलले असते तर ती अट बाजूला काढणं कोर्टाला अवघड नव्हतं, हे मला ठाऊक होतं. कायदा येत होता मला. भीतीपोटी बोलले, नोकरीपोटी बोलले, आणि सगळ्यांत जास्त — मी हुशार आहे असं सगळे मानत होते, ते तसंच राहावं म्हणून बोलले.

घर गेलं. पण मला सांगायचंय ते याच्याही पुढचं आहे.

साक्ष देऊन बाहेर आले तर व्हरांड्यात रेणुका उभी. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, “आक्का, मामांनी खरंच तसं सांगितलतं व्हय?” तिला घराचं पडलं नव्हतं त्या घडीला. आपल्या सासऱ्यानं — ज्याला तिनं शेवटच्या दुखण्यात लेकरासारखं भरवलं — मरताना आपल्यावर असा पहारा बसवला का, एवढंच तिला विचारायचं होतं. तिथं न्यायाधीश नव्हते, शपथ नव्हती, लिहून घेणारं कुणी नव्हतं. आम्ही दोघीच होतो. एक ‘नाही’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हटलं, “व्हय.”

तिनं मान डोलावली. “लई माया हुती त्यांची, असं वाटायचं मला,” म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली. नंतर कुणाकडून तरी कळलं, घर सोडताना तिनं सगळं सामान नेलं, आप्पांचा फोटो तेवढा भिंतीवर ठेवून गेली.

यंदा वर्गात गोष्ट सांगत होते. ती आता फार छान सांगते मी. आक्काचं चिक्कोडीचं स्थळ, चूल, पाळणा, ‘सासऱ्यानं सुनंला तोंडावर कसं सांगायचं’ — आवाज नेमका कुठं खाली आणायचा तेही मला कळतं. कागदातून जी गोष्ट मी कापून टाकली, तिच्यावर माझी सगळी मास्तरकी चाललीय. गोष्ट संपली. हिंडलग्याची एक पोरगी आहे वर्गात, फारशी बोलत नाही. ती उभी राहिली. “मॅडम, घर वाचलं ते बरंच झालं,” म्हणाली, “पण सासरे काय म्हणालते, ते तिला सांगितलं का कुणी?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “हो तर. त्या वकिलानंच सांगितलं.” पोरगी समाधानानं खाली बसली.

रेणुका हल्ली अनगोळात भाड्याच्या खोलीत राहते. नवराबायको दोघंही दुसऱ्याच्या मागावर जातात. मी भाजीला जाते त्या रस्त्यावरच तिचं दार आहे. कधी उघडं असतं, ती उंबऱ्यात बसून काहीतरी निवडत असते. मला ओळखते. ‘बरं हाय न्हवं, आक्का?’ म्हणते. मी ‘हो’ म्हणते आणि पुढं जाते. आप्पांची गोष्ट माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. रेणुकाला ती अजून कुणी सांगितलेली नाही.